बिनमायेचे झगे

जगाचा शेवट चौदा तारखेला दुपारी बारा वाजता होणार, हे टेलरबाईला कळलं तेव्हा तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या, म्हणून ती लगेच काही बोलली नाही. बातमी नणंदेनं आणली होती, आणि नणंद रिकाम्या हातानं आली नव्हती. तिच्यामागून एक माणूस पांढऱ्या कापडाचे दोन तागे खांद्यावर घेऊन धापा टाकत जिना चढत होता. त्या दिवशी मैदानात घालून उभं राहायला बासष्ट झगे शिवायचेत, नणंद म्हणाली. पायघोळ, पूर्ण बाहीचे, बिनखिशाचे. खिसे कशाला हवेत, वर काय न्यायचंय?

टेलरबाईनं टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि विचारलं, "बटणं?"

"सरांना विचारून सांगते," नणंद म्हणाली.

हे सर म्हणजे गणिताचे क्लास घेणारे सर. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पोरांना त्रैराशिक शिकवायचे, बरं शिकवायचे. मग त्यांना शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, आकड्यांचा नाद लागला. शास्त्रात आकड्यांना तोटा नाही. सात शिक्के, सात कर्णे, अमुक दिवस, तमुक आठवडे. सरांनी दिवसांची वर्षं केली, वर्षांचे पुन्हा दिवस केले, एका राजाची कारकीर्द वजा केली, एक दुष्काळ मिळवला आणि उत्तर आलं चौदा तारीख. उत्तर आधी ठरवायचं आणि गणित मागून तिथवर हाकत न्यायचं, हे परीक्षेत केलं तर शून्य मिळतं. देवाच्या नावानं केलं तर बासष्ट माणसं मिळतात.

त्या बासष्टांतला एक टेलरबाईचा नवरा होता.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. एकतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांना वर पोचवलं आणि स्वतः बहुतेक वेळ खालच्या खड्ड्यात, ग्रीसमध्ये काढला. सगळे त्याला लिफ्टवाले म्हणत. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं, त्यावर तीन ठिकाणी फुल्या मारल्या. तीन नळ्या तुंबल्यात, ऑपरेशन करावं लागेल, महिना काढू नका. तारीख मिळाली सतरा.

"सतराला?" नवरा घरी येऊन म्हणाला. "चौदाला जग संपतंय. सतराला कोण कुणाला फाडणार?" आणि त्यानं हॉस्पिटलचं कार्ड कपाटावरच्या जुन्या वर्तमानपत्रांखाली सरकवलं, लाइटचं बिल सरकवावं तसं.

म्हणजे गोष्ट साधी होती. जग संपो न संपो, हा माणूस संपणार होता. आणि ते समजायला कुठला क्लास लावावा लागत नव्हता.

टेलरबाई काही देव न मानणारी नव्हती. दर रविवारी चर्चला जायची, मागच्या बाकावर बसायची, गाणं सुरात नसलं तरी मोठ्यानं म्हणायची. तिच्या आईनं लहानपणी तिला एवढंच शिकवलं होतं की शेवट येणार हे खरं, पण कधी ते विचारायचं नाही; ज्यानं विचारलं तो कामातून गेला आणि ज्यानं सांगितलं तो खोटा. आता हे नवऱ्याला सांगायचं तर बायकोनं सांगून ऐकणारा नवरा अजून जन्माला यायचाय. म्हणून ती पाळकाकडे गेली. तुम्ही येऊन बोला म्हणाली.

पाळक आले. खुर्चीच्या कडेवर बसले. कपबशी गुडघ्यावर धरून त्यांनी लिफ्टवाल्यांना हळू आवाजात समजावलं की प्रभूला शिष्यांनी हेच विचारलं होतं, आणि प्रभूनं सांगितलं, ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, खुद्द पुत्रालाही ठाऊक नाही, एकट्या पित्याला ठाऊक आहे. जे पुत्राला ठाऊक नाही ते तुमच्या सरांना कुठून कळलं?

बोलणं बिनतोड होतं. टेलरबाईनं मशीन थांबवून नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

नवऱ्यानं मान डोलावली. "पाळकसाहेब, मी तुमचा मान राखतो. पण तुमच्याकडे तारीख नाही. सरांकडे आहे."

पाळकांनी राहिलेला चहा एका घोटात संपवला. टेलरबाई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. ते म्हणाले, मी प्रार्थना करीन. तेव्हा तिचा ताबा सुटला. ती म्हणाली, हेच तुम्ही वीस वर्षांत एकदा तरी व्यासपीठावरून का नाही बोललात? शेवटाचा धडा आला की पानं उलटून परोपकारावर उडी मारत होतात.

"लोक घाबरतात, बाई," पाळक म्हणाले.

"आणि आता काय हसतायत?"

पाळक कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. चांगला माणूस होता. चांगल्या माणसांनी ज्या गोष्टी घाबरून बोलायच्या टाळल्या, त्याच गोष्टींवर लबाडांची दुकानं चालतात. पण हे पाळकांना सांगून उपयोग नव्हता, त्यांचा रक्तदाबही वरचाच होता.

झगे मात्र टेलरबाईनं शिवायला घेतले. नणंदेनं तिच्यावर आणून टाकले होते म्हणून, आणि कापड समोर पडलं की तिला कापल्याशिवाय राहवत नसे म्हणून. नमुन्याचा पहिला झगा तयार झाला तेव्हा सर स्वतः बघायला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. झगा उलटा करून त्यांनी आतली शिवण बोटानं चाचपली आणि कपाळाला आठी घातली.

"हे आत एवढं कापड कशाला सोडलंय?"

"माया आहे ती," टेलरबाई म्हणाली.

शिवणकामात शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दडवून ठेवतात त्याला माया म्हणतात. माणूस उद्या सुटला, मूल उंच झालं, तर टाके उसवून तेवढं कापड बाहेर काढता येतं. मायेशिवाय शिवलेला कपडा आजच्या दिवसापुरता असतो.

सरांनी हे ऐकून घेतलं आणि प्रसन्न हसले, वर्गात पोरानं बरोबर वाटेवरून चुकीचं उत्तर काढलं की हसावं तसं. म्हणाले, "बाई, चौदा तारखेनंतर कोण सुटणार आहे? माया नको. कशातच नको." शिवाय माया काढली तर दोन ताग्यांत अजून सहा झगे निघतील, सहा आत्मे. हिशेबाला माणूस चोख.

टेलरबाईनं हो म्हटलं आणि सर गेल्यावर प्रत्येक झग्याला अर्धा इंच माया सोडली. मुद्दाम नव्हे. कात्री शिवणीला लागून चालवायची म्हटलं की तिचा हातच अडायचा. सहा आत्मे कमी पडले, त्याला तिचा इलाज नव्हता.

नवऱ्याच्या झग्याचं माप घेताना तिनं त्याच्या छातीभोवती टेप धरली. दुखणं सुरू झाल्यापासून छाती तीन इंच कमी झाली होती. जिना चढताना तो आता दोनदा थांबायचा, आणि थांबला की थकल्याचं कबूल न करता भिंतीवरचा स्विचबोर्ड तपासायचा. एकदा वैतागून ती म्हणाली होती, "वर जायची एवढी घाई, ही घाई लोक लिफ्टमध्ये अडकायचे तेव्हा कुठे होती?" तो खळखळून हसला होता. हसताना छातीवर हात मात्र गेला होता.

मग चौदाला आठवडा राहिला असताना सर पुन्हा आले. या वेळी सोबत त्यांची मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची, बांबूसारखी वाढलेली. सरांनी पिशवीतून निळं कापड काढलं. शाळेचा गणवेश शिवायचा होता. शाळा पुढच्या महिन्यात सुरू होत होती. टेलरबाईनं मुलीचं माप घेतलं, वहीत लिहिलं. खांदा, कंबर, उंची. सर शेजारी उभे राहून बघत होते, आणि बोलून गेले, जसा कुठलाही बाप बोलून जातो:

"आतून चांगली दोन बोटं माया ठेवा. झपाट्यानं वाढतेय. पुढच्या वर्षीही चालला पाहिजे."

टेलरबाईनं वहीतून मान वर केली. सरांनी तिच्याकडे पाहिलं.  मुलगी रिकामी रिळं रंगाप्रमाणे लावत होती.

"म्हणजे, हिच्या आईचा हट्ट," सर म्हणाले, आणि त्यांनी रुमालानं मान पुसली.

"दोन बोटं," टेलरबाई म्हणाली आणि तसं वहीत लिहून घेतलं.

ते जिना उतरेपर्यंतही तिला धीर नव्हता. गळ्यात टेप तशीच, ती आतल्या खोलीत गेली आणि नवऱ्याला शब्दन् शब्द सांगितला. पुढच्या वर्षीही चालला पाहिजे. तुमच्या सरांच्या तोंडचं वाक्य आहे. बासष्ट माणसांना माया नको आणि घरच्या पोरीला दोन बोटं.

नवऱ्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तिला वाटलं, सुटला. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "सरांचा विश्वास कमी पडला. माणूसच आहेत. माझा नाही पडायचा."

घ्या. चोराला मुद्देमालासकट पकडावं आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यानंच चोराच्या पाठीवरून हात फिरवावा, अशातली गत. टेलरबाई मशीनवर येऊन बसली आणि रागाच्या भरात अकरा झग्यांचे गळे उलटे शिवून ठेवले. ते उसवताना तिला एक गोष्ट सुचली, जी आधीच सुचायला हवी होती.

डॉक्टरांनी फुल्या मारल्या त्या दिवशी नवऱ्याचा हात थरथरत होता. पाण्याचा पेला त्याला धरवेना. आणि नणंद त्याला सरांच्या बैठकीला घेऊन गेली त्या दिवसापासून तो हात थांबला होता. रात्री झोप लागत होती, जेवण जात होतं. जगबुडीची बातमी ऐकून या माणसाची तब्येत सुधारली होती. म्हणजे हा भोळा नव्हता. जगात भोळी माणसं फार थोडी, घाबरलेलीच फार. याला तारीख पटली नव्हती, तारीख आवडली होती. सतराच्या आधी पडत होती ना ती.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. ऑपरेशनच्या तारखा देणारा कारकून काचेमागे बसला होता. तिनं विचारलं, सतराची तारीख आधी ओढता येईल का, चौदाला?

कारकुनानं रजिस्टर फिरवलं. "या आठवड्यात दुसरी कुठलीही मागा, नाही म्हटलं असतं. चौदाला जागाच जागा आहे. तिघांनी तारीख सोडली. बाई, त्या दिवशी कुणाचं लग्न-बिग्न आहे का?"

"तसंच काहीतरी," टेलरबाई म्हणाली. "दुपारी तीनची द्या."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं, तारीख बदलली, आता चौदा, दुपारी तीन. नवरा हसायला लागला. तीनला? बाराला सगळं आटपतंय.

"मग तुमचं काय बिघडलं? बाकीचे मैदानात उन्हात उभे राहणार, तुम्ही खाटेवर पडून वाट बघा. देवाला पत्ता सापडायचा राहतो का?"

त्यानं विचार केला. यात त्याला खोट काढता येईना. उलट मौज वाटली असावी. डॉक्टर हातमोजे चढवून येणार आणि खाट रिकामी. त्यानं चष्मा मागितला आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

तिनं बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली, लिफ्टच्या तपासणीच्या कार्डावर करायचा तशी, खाली रेघ मारून.  गेले तीन आठवडे टेलरबाई ज्या खोट्याशी भांडत होती त्यालाच तिनं आज स्वतःच्या हातानं ठिगळ लावलं होतं, आणि ठिगळ असं बेमालूम बसलं होतं की शिवण दिसत नव्हती. कामाचा अभिमान बाळगावा की लाज, तिला ठरवता येईना.

चौदा तारीख उजाडली ती इतर तारखांसारखीच. वॉर्डात सकाळी एकानं येऊन नवऱ्याच्या छातीवरचे केस काढले. सकाळपासून पाणीसुद्धा बंद. अंगात हिरवा गाऊन चढवला, मागून उघडा, बंद तुटलेला, टाके सैल. असलं काम दुकानातून बाहेर जाऊ दिलं असतं तर टेलरबाईनं स्वतःचे कान धरले असते. नवऱ्यानं पिशवीतून पांढरा झगा काढला आणि गाऊनवर घालतो म्हणाला. नर्स म्हणाली, आजोबा, बाहेरचा कपडा चालत नाही. मग त्यानं तो पायांवर पांघरला. तेवढ्याला नर्सनं हरकत घेतली नाही.

पावणेबाराला त्यानं डोळे मिटले आणि टेलरबाईचा हात धरला. हात गरम होता, स्थिर होता. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. बारा वाजले. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला. बारा पाच. कुणीतरी स्टीलचं भांडं पाडलं आणि नवऱ्याचे डोळे झटकन उघडले. बारा दहा. खिडकीबाहेर एक ट्रक मागे घेत होते, कुणीतरी ओरडून सांगत होतं, येऊ द्या, येऊ द्या. त्याची बोटं आवळत गेली.  जिंकल्यासारखं वाटेल असं टेलरबाईला वाटलं होतं, पण तसं काही वाटेना. एका माणसाच्या डोळ्यांदेखत जग शिल्लक राहत होतं आणि तो पांढराफटक पडत होता.

बारा वीसला नवऱ्याचा फोन वाजला. नणंद मैदानातून बोलत होती, मागे गाण्याचा आवाज. सरांनी आत्ताच समजावून सांगितलं की शास्त्रातला दिवस सूर्यास्ताला पुरा होतो. बाराचा हिशेब आपल्या घड्याळाचा होता. सूर्यास्तापर्यंत कुणी जागा सोडायची नाही.

नवऱ्यानं फोन ठेवला. तोंडावर थोडा रंग परत आला होता. म्हणाला, "सूर्यास्त साडेसहाला. तीनऐवजी सात वाजताचं जमेल का, विचार ना डॉक्टरांना."

टेलरबाईनं खुर्ची खाटेजवळ ओढली.

"चौदा तारीख हॉस्पिटलनं दिलेली नाही. मी मागून घेतलीय. तुम्ही सही करावी म्हणून."

त्यानं उशीवरून मान उचलली.

"फसवलंस मला."

"हो. सरांनी फसवलं तेव्हा झोप लागत होती तुम्हाला, आता मी फसवलं तर राग येतोय. येऊ दे राग. पण एक सांगा. तुम्हाला जगाचा शेवट हवा होता, का नुसतं ऑपरेशन नको होतं?"

त्याचा हात आता थरथरायला लागला होता, अगदी पहिल्या दिवशीसारखा. तो छताकडे बघत बोलला.

"सगळ्यांबरोबर जायची भीती नव्हती गं. बासष्ट माणसं, गाणी म्हणत. तू पण. इथं एकट्यालाच न्यायचे. दार लागलं की आत कोण आपलं?"

यावर द्यायला टेलरबाईकडे वचन नव्हतं. पाळकांना बोलावलं असतं तर त्यांना एखादं सापडलं असतं. ती म्हणाली, "आत मला येता येत नाही. दाराबाहेर आहे मी. तुम्ही खड्ड्यात उतरायचात तेव्हा वर एक माणूस उभा ठेवायचात ना, कुणी बटण दाबू नये म्हणून? तसं समजा."

 अडीचला दोघं जण स्ट्रेचर घेऊन आले. त्यातल्या एकानं सवयीनं विचारलं, तयार ना? लिफ्टवाल्यांनी सूर्यास्त किती वाजता ते विचारलं नाही. पायांवरचा झगा घडी करून बायकोच्या हातात दिला आणि स्वतःहून स्ट्रेचरवर सरकले. कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्टपाशी थांबावं लागलं. दार उघडताना थोडं अडकलं. पडल्यापडल्या ते म्हणाले, "रोलर गेलाय. सांगा कुणालातरी." मग दार लागलं.

टेलरबाई जिन्यानं वर गेली. ऑपरेशनच्या खोलीबाहेर डॉक्टर उभ्या होत्या, डोक्याला टोपी बांधत. तरुण बाई. टेलरबाईनं विचारलं, किती वाजता बाहेर आणाल?

"ते नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाल्या. "चार तास, कदाचित सहा. आत गेल्यावर कळतं. खोटी वेळ सांगून काय करू?"

एवढ्या दिवसांत टेलरबाईला भेटलेलं हे पहिलं माणूस होतं ज्याला वेळ ठाऊक नव्हती आणि तरी ते कामाला निघालं होतं. ती म्हणाली, बरं. आणि दारासमोरच्या खुर्चीवर बसली.

चारच्या सुमाराला पुन्हा फोन वाजला. नणंद म्हणत होती, अजून अडीच तास आहेत, सर म्हणतात धीर सोडू नका, दादाचं काय झालं? 

"तुझ्या भावाला आत नेलंय," टेलरबाई म्हणाली. "मी दारात बसलेय. मला दुसरं काही ऐकायला वेळ नाही."

पलीकडे गाणं चाललं होतं, मघापेक्षा कमी आवाजात, थोड्या माणसांचं.  नणंदेनं फोन ठेवला नाही. मग गाणं लांब लांब जात असल्यासारखं वाटलं, चालताना लागते तशी धाप ऐकू यायला लागली, आणि नणंदेनं विचारलं,

"कितव्या मजल्यावर?"